तापीकाठी कुठे उतरायचं?

दिवाळी उलटली की पुण्या-मुंबईच्या नातलगांचे फोन सुरू होतात. "तुमच्याकडे नदीकाठी दोन दिवस निवांत जाता येईल असं काही आहे का? देवदर्शनही व्हावं, पोरांना पाणीही दिसावं." मी खानदेशातला, तेव्हा 'तुमच्याकडे' म्हणजे तापीकाठ. उत्तर देण्याआधी मी उलट विचारतो, "घरात अलीकडे कुणाचं काही झालंय का?" पलीकडे क्षणभर कुणी बोलत नाही. प्रश्न अभद्र वाटतो, मान्य आहे. पण तो विचारल्याशिवाय तापीवरच्या प्रकाशा या तीर्थगावाबद्दल बोलणं सुरूच करता येत नाही.

कारण आमच्याकडे 'ते प्रकाशाला गेलेत' असं कुणी म्हटलं, तर ऐकणारा आपोआप आवाज खाली आणतो. अस्थी, दहावा, पिंडदान, नारायण-नागबळी, पितृपक्षातलं तर्पण या सगळ्यासाठी नंदुरबार-धुळ्याची माणसं प्रकाशाची वाट धरतात. गुजरातेतल्या निझर-कुकरमुंड्याकडची आणि मध्य प्रदेशातल्या खेतिया-पानसेमलकडचीही येतात. खानदेशी घरांत मृत्यूनंतर 'उत्तरकार्य व गंधमुक्ती'ची पत्रिका निघते, आणि त्याआधीच कुणीतरी तांब्या फडक्यात बांधून घाटावर जाऊन आलेलं असतं. त्यामुळे असे कितीतरी लोक आहेत, ज्यांनी प्रकाशा चार वेळा पाहिलं, पण चारही वेळा डोक्याचे केस उतरवून. गाव म्हणून ते त्यांनी पाहिलंच नाही.

तापीकाठची तीर्थं नीट पाहायची, तर आधी नदीचा स्वभाव पाहावा. मध्य प्रदेशात बैतूल जिल्ह्यातल्या मुलताईला ती उगवते आणि 724 किलोमीटर पश्चिमेला वाहून सुरतेजवळ समुद्राला मिळते. मराठी मुलखातल्या बाकीच्या मोठ्या नद्या पूर्वेकडे निघाल्या, ही सूर्यकन्या मात्र मावळतीकडे. पुराणं तिला यमुनेची बहीण म्हणतात. गंगेत स्नान करावं, नर्मदेचं दर्शन घ्यावं, तापीचं नुसतं स्मरण पुरतं, असंही तिच्याबद्दल सांगतात. (स्मरणाने भागतं म्हणून की काय, घाटांची देखभालही बऱ्याच ठिकाणी स्मरणावरच चालते.)

तापीचं पात्र खोल आहे. काठाच्या गाळमातीच्या दरडी पुरुषाच्या उंचीच्या कितीतरी पट उभ्या असतात. म्हणून काठावर राहूनही शेतकऱ्याला तिचं पाणी पाटाने नेता आलं नाही, उपसूनच घ्यावं लागलं. म्हणूनच देवळं उंचावर बसली आणि घाटांना भरपूर पायऱ्या लागल्या. वयस्कर माणसं बरोबर असतील, तर कुठल्याही माहात्म्यापेक्षा या पायऱ्यांचा हिशेब आधी करावा.

दुसरी गोष्ट, इथली तीर्थं बहुतेक संगमांवर आहेत. पूर्वेकडून येताना चांगदेवला पूर्णा मिळते, पुढे रामेश्वरला गिरणा, मग मुडावदला पांझरा. या तिन्ही तापीला दक्षिण काठावर मिळणाऱ्या लांबलचक नद्या आहेत. प्रकाशाला मिळणारी गोमाई मात्र उत्तरेची, सातपुड्यातली. ती पानसेमलकडून उतरते, शहाद्याला वळसा घालते आणि प्रकाशाला तापीत शिरते. संगमावर जी नदी येते, तिच्या खोऱ्यातली माणसंही तिच्याबरोबर येतात. चांगदेवला वऱ्हाडची वारकरी माणसं भेटतात, मुडावदला धुळ्याकडची शेतकरी घरं. प्रकाशाच्या घाटावर अहिराणी, गुजराती, भिल्ली, पावरी आणि निमाडी एका सकाळी कानावर पडू शकतात. दुसरं एवढं मिश्र तीर्थ मला तापीवर ठाऊक नाही.

आता 'दक्षिण काशी'चं. प्रकाशाच्या पाटीवर हे बिरुद असतंच. पण महाराष्ट्रात दक्षिण काशी आहेत तरी किती? पैठण आहे, वाई आहे, कोल्हापूर आहे. त्यात प्रकाशा हे राज्याच्या वायव्य कोपऱ्यातलं, सातपुड्याच्या पायथ्याचं गाव, इथून महाराष्ट्राची 'दक्षिण' शोधायला चारशे किलोमीटर जावं लागेल. हे बिरुद मला कधीच फारसं पटलं नाही. कारण ते प्रकाशाला दुय्यम करतं, ज्याला खऱ्या काशीला जाणं परवडत नाही त्याची सोय करून टाकतं. गावात सांगतात ते याच्या अगदी उलट आहे. काशी करून आलेल्याने प्रकाशाला येऊन पुष्पदंतेश्वराची पूजा केली नाही, तर त्याची काशीयात्रा पुरी होत नाही. म्हणजे इथला दावा आपण काशीची नक्कल असल्याचा नाही, काशीत जे राहून गेलं ते इथे होतं असा आहे.

पुष्पदंत कोण, तर शिवमहिम्न स्तोत्र ज्याच्या नावावर आहे तो गंधर्व. राजाच्या बागेतली फुलं अदृश्य होऊन चोरायचा. एके दिवशी शिवाच्या निर्माल्यावर पाय पडला आणि अदृश्य होण्याची विद्याच गेली. मग क्षमा मागण्यासाठी त्याने स्तोत्र रचलं. चूक करून बसलेल्याचं हे देऊळ आहे. काशीला जाऊन पुण्याचा गठ्ठा घेऊन आलेल्या माणसाला घरी परतण्याआधी या फुलचोराच्या दारात उभं करायचं, यात कुणाची तरी मिस्कील बुद्धी होती असं मला वाटतं.

नावाचीही कथा आहे. एका रात्रीत 108 शिवमंदिरं जिथे पुरी होतील तिथे काशी वसणार होती. इथे 107 झाली आणि फटफटलं. प्रकाश पडला, म्हणून प्रकाशा. एका देवळाने हुकलेली काशी! व्युत्पत्ती खरी मानायची गरज नाही. पण गावाने स्वतःबद्दल सांगायला विजयाची गोष्ट निवडली नाही, थोडक्यात हुकल्याची निवडली, हे लक्षात राहतं.

प्रत्यक्षात देवळं पाहायची ती केदारेश्वर, पुष्पदंतेश्वर आणि गोमाई जिथे मिळते तिथलं संगमेश्वर. गौतमेश्वराचं स्थानही पाहावं. गुरू सिंह राशीत येतो तेव्हा, म्हणजे बारा वर्षांतून एकदा, त्याची सिंहस्थ जत्रा भरते. नाशिक-त्र्यंबकचा सिंहस्थ सगळ्यांना माहीत असतो, तापीवरही सिंहस्थ असतो हे मात्र खानदेशाबाहेर क्वचितच कुणाला ठाऊक असेल. 2027 चं नाशिक गर्दीने तुडुंब असेल, तेव्हा ज्याला सिंहस्थ हवा पण रेटारेटी नको, त्याने इकडे नजर टाकायला हरकत नाही.

देवळांइतकंच, माझ्या लेखी जास्तच, महत्त्वाचं आहे ते गावाचं पांढरीचं टेकाड. 1955 साली भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या बी. के. थापर यांनी इथे उत्खनन केलं. तळाशी ताम्रपाषाणयुगीन वस्ती सापडली. माळव्याकडची आणि जोर्वे पद्धतीची खापरं निघाली, गुजरातेकडची तुकतुकीत तांबडी भांडीही. वरच्या थरांत लोखंड वापरणाऱ्यांची वस्ती मिळाली. याचा अर्थ सरळ आहे. आज घाटावर तीन राज्यांची माणसं एकत्र दिसतात, तशी तीन दिशांची मडकी साडेतीन हजार वर्षांपूर्वीही इथे एकत्र येत होती. उतार मिळाला की माणसं नदी ओलांडणार, ओलांडण्याआधी थांबणार, थांबली की चूल मांडणार. देव त्या चुलींच्या मागून आला असावा. हे लिहिल्याबद्दल गावातले गुरुजी मला रागावतील, पण चहाही पाजतील.

टेकाडावर पाहण्यासारखी इमारत नाही, फलक वाचून पोट भरेल असंही काही नाही. मुलांना नेलं तर पायाखालची मातीच दाखवावी. खापराचा तुकडा उचलून पाहावा आणि तिथेच ठेवावा.

आता पाण्याचं बोलू, कारण 'नदीकाठची सहल' म्हणणाऱ्याच्या मनात जे पाणी असतं ते तापीत आता सहसा नसतं. हतनूर, मग सुलवाडे, सारंगखेडा, प्रकाशा हे बॅरेज आणि पुढे गुजरातेत 1972 साली पूर्ण झालेलं उकाई. तापी आता जिन्याच्या पायऱ्यांसारखी टप्प्याटप्प्याने उतरते. बॅरेजच्या वरच्या अंगाला पाणी तलावासारखं तुंबतं, खालच्या अंगाला पात्र उघडं पडतं. जुनी माणसं उन्हाळ्यात गुडघाभर धारेतून पलीकडे गेल्याचं सांगतात. आता भर उन्हाळ्यातही पाणी दिसतं, पण ते वाहतंच असं नाही. देखावा म्हणून हे छानच आहे. संध्याकाळी उभं पाणी केशरी होतं, त्यात सातपुड्याची निळी रेघ. पण अस्थी, निर्माल्य, फुलांचे हार आणि प्लॅस्टिकच्या पिशव्या उभ्या पाण्यात टाकणं वेगळं, वाहत्या पाण्यात सोडणं वेगळं. 'विसर्जन' या शब्दात पाणी पुढे जाईल हे गृहीत आहे. पाणी जागचं हललंच नाही तर काय विसर्जित झालं, याचा विचार विधी करणाऱ्यांनी आणि बॅरेज बांधणाऱ्यांनी एकत्र बसून अजून केलेला दिसत नाही.

पावसाळ्यात उलट प्रकार. वर हतनूरचे दरवाजे उघडले की खालच्या बॅरेजचेही उघडावे लागतात, आणि कोरड्या आकाशाखाली पाणी चढतं. इकडे थेंब नसताना नदी का फुगली हे पाहुण्याला कळत नाही. जुलै ते सप्टेंबर तापीत पाय बुडवायला उतरू नये हे माझं साधं मत आहे. पाण्याच्या ओढीइतकाच गाळही धोक्याचा, कारण दरडीवरची काळी माती ओली झाली की साबणासारखी होते.

सारंगखेडा. प्रकाशाला पर्याय म्हणून हे नाव सगळ्यात आधी येतं, कारण तेही शहादा तालुक्यात, तापीवरच आणि जवळ आहे. पण ही तुलनाच चुकीची आहे. सारंगखेडा हे वर्षातले दोन-तीन आठवडे जगणारं तीर्थ आहे. मार्गशीर्ष पौर्णिमेला, दत्तजयंतीला, एकमुखी दत्ताची यात्रा भरते आणि तिच्यासोबत घोड्यांचा बाजार. मारवाडी, काठेवाडी, सिंधी, पांढरेशुभ्र नुकरे. देशभरातून व्यापारी येतात. अलीकडे त्याला 'चेतक फेस्टिव्हल' असं नाव देऊन पर्यटनाची झालर लावली आहे. फेस्टिव्हल म्हणा नाहीतर काहीही, घोड्याचा दात पाहणारा म्हातारा आणि रवाळीची चाल दाखवत धूळ उडवणारा पोरगा तसाच आहे. सौदा अजूनही बराचसा हाताच्या बोटांवर आणि डोळ्यांच्या इशाऱ्यावर होतो.

मुलं बरोबर असतील आणि डिसेंबरची ती तारीख जुळत असेल, तर दुसरा विचार करू नका, सारंगखेड्यालाच जा. गोडीशेव खा, भज्यांच्या गाड्यावर उभे राहा, थंडीत धुरकटलेल्या दिव्यांखाली घोडे पाहा. पण याच गावात मे महिन्यात जाऊन 'काहीच नाही हो इथे' म्हणू नका. जत्रा उठलेलं मैदान कुठेही तसंच दिसतं.

चांगदेव इथून दूर आहे, पूर्वेला दोनशे किलोमीटरच्या आसपास, पण आढाव्यातून वगळता येत नाही. ज्याला नदीकाठी विधी नको आणि घोडेही नकोत, नुसतं बसून काही आठवायचं आहे, त्याच्यासाठी पूर्णा-तापीचा हा संगम आहे. दगडी देऊळ संरक्षित स्मारक आहे, कोरीव आहे, आणि संगम हतनूरच्या फुगवट्यात असल्याने पाणी समुद्रासारखं पसरतं. जवळच मेहूण आणि कोथळी, मुक्ताबाईची ठिकाणं. चौदाशे वर्षं जगलेला, वाघावर बसून आलेला योगी आणि त्याचं कोरं पत्र पाहून 'एवढी वर्षं जगून कोराच राहिला' म्हणणारी मुलगी. ही गोष्ट शाळेत ऐकलेली असते, पण ती दोघं इथे एकाच पाण्याच्या काठी कायमची शेजारी झालीत हे पाहिल्यावर तिचा अर्थ बदलतो. माघ वद्य एकादशीपासून महाशिवरात्रीपर्यंत इथे वारकऱ्यांची यात्रा असते. एरवी शांत. वाचणाऱ्या माणसाने चांगदेवच निवडावं, असं मी अनेकदा सांगितलं आहे आणि पस्तावलेलो नाही.

मुडावदचं कपिलेश्वर पांझरेच्या संगमावर आहे. सुरत-भुसावळ रेल्वेच्या बेटावद स्टेशनवरून जाता येतं. अर्ध्या दिवसाचं ठिकाण. गिरणेच्या संगमावरचं रामेश्वर जळगावकरांचं, श्रावणातलं. दोन्ही चांगली, दोन्हीसाठी मुद्दाम मुंबईहून येण्याचं कारण नाही. थाळनेरला मात्र वाटेत थांबावं. ते तीर्थ नाही, फारुकी सुलतानांची पहिली राजधानी आहे. तापीच्या काठावर त्यांच्या कबरी उभ्या आहेत आणि 1818 साली इंग्रजांनी रक्तपात करून घेतलेला किल्ला दरडीवरून नदीत ढासळतो आहे. तापीकाठी मेलेल्यांच्या आठवणी जपण्याची एकच एक रीत नव्हती, हे तिथे कळतं.

मग कुणीतरी विचारतंच, "तापीपेक्षा नर्मदाच का नको? तीही तुमच्याच जिल्ह्यात ना?" आहे. महाराष्ट्राच्या वाट्याला नर्मदेचा जो 54 किलोमीटरचा काठ आला, तो सगळा नंदुरबार जिल्ह्यातच आहे. पण त्या काठावर उतरून घाटावर बसावं असं एकही तीर्थगाव उरलेलं नाही. मणिबेलीजवळचं शूलपाणेश्वर सरदार सरोवराच्या पाण्याखाली गेलं, नवं देऊळ गुजरातेत गोरा गावी बांधलं. नर्मदेचा घाटच हवा असेल, तर अक्कलकुवा, सागबारा, राजपीपळा करत गरुडेश्वरला जावं लागतं. तिथे वासुदेवानंद सरस्वती, म्हणजे टेंबे स्वामींची समाधी आहे. 1914 साली ते तिथे समाधिस्थ झाले. दत्तसंप्रदायातल्या मराठी घरांना तिथे परकं वाटत नाही. पण शेजारीच जगातला सगळ्यात उंच पुतळा उभा राहिल्यापासून त्या रस्त्यावरच्या गाड्या वेगळ्या घाईत असतात.

सोयीचं थोडक्यात सांगतो. प्रकाशासाठी रेल्वेने नंदुरबार, तिथून तापीचा पूल ओलांडून तासाभरात गाव. मुक्काम साधा चालत असेल तर देवस्थानाकडे विचारावं, नाहीतर 14 किलोमीटरवरच्या शहाद्यात राहावं. नोव्हेंबर ते फेब्रुवारी उत्तम. एप्रिल-मेमध्ये पारा 42-43 च्या पुढे जातो आणि घाटाची फरशी अनवाणी पायाला चटका देते. पितृपक्षात आणि अमावस्येला सहलीसाठी जाऊ नये. गर्दीचा त्रास होतो, पण खरं कारण वेगळं आहे. तो घाट त्या दिवशी दुसऱ्यांच्या दुःखाचा असतो, तिथे सेल्फी काढणारं कुटुंब फार विचित्र दिसतं.

एक दिवस हाताशी असेल तर शहाद्याहून साधारण 55 किलोमीटरवर तोरणमाळ आहे. तिथला यशवंत तलाव आणि गोरखनाथाचं स्थान पाहावं. शहादा तालुक्यातलंच उनपदेव गरम पाण्याच्या झऱ्यासाठी प्रसिद्ध आहे. पण चोपडा तालुक्यातही अडावदजवळ याच नावाचा गरम झरा आहे. आमचे एक नाशिककर पाहुणे मोबाइलवर 'उनपदेव' टाकून निघाले आणि शहाद्याऐवजी अडावदला पोहोचले. अंघोळ त्यांनी तिथेच उरकली, तक्रार माझ्याकडे केली.

तर मी फोनवर शेवटी काय सांगतो? घरात सुतक नसेल, घाई नसेल, तर प्रकाशाला जा. कारण बाकीच्या ठिकाणी तुम्हाला पाहायला काय मिळेल हे आधी ठरलेलं असतं, इथे नसतं. माझ्या आतेबहिणीने हा सल्ला मनावर घेतला आणि गेल्या जानेवारीत मुलांना घेऊन आली. पहिला अर्धा तास ती अस्वस्थ होती. दोन पायऱ्या खाली एक कुटुंब पिंड मांडून बसलेलं, कोवळा मुलगा नुकतंच डोकं भादरून थंडीने कुडकुडत होता. तिच्या सात वर्षांच्या पोराने मोठ्याने विचारलं, "याने टक्कल का केलं?" मी काही बोलण्याआधी त्या मुलाच्या काकांनीच सांगितलं, "त्याचे आजोबा गेले, बाळा. त्यांना निरोप द्यायला आलोय." पोराने मान हलवली आणि आपल्या खिशातली बोरं त्या मुलापुढे धरली. गुरुजी म्हणाले, "आत्ता नको, विधी झाला की खाईल." बोरं पायरीवर ठेवली गेली.

संध्याकाळी घाट रिकामा झाल्यावर दोन पांढऱ्या कपड्यांतली माणसं आली, खांद्याला झोळी, हातात काठी. नर्मदेचे परिक्रमावासी. नर्मदेच्या दक्षिण काठाने जाणारी जुनी वाट शूलपाणीच्या जंगलातून होती. आता बहुतेक जण सातपुडा उतरून खेतिया, शहादा, प्रकाशा, तळोदा असे जातात आणि पुढे राजपीपळ्याकडे नर्मदेला पुन्हा भेटतात. म्हणजे या टप्प्यात नर्मदेची प्रदक्षिणा करणारा माणूस नर्मदेपासून दूर, तापीच्या काठी मुक्कामाला असतो. त्यांनी पायरीवर फडकं अंथरलं, झोळीतून नर्मदेच्या पाण्याची छोटी कुपी काढून त्यावर ठेवली आणि उदबत्ती लावली. समोर एवढी मोठी नदी उभी असताना ते बाटलीभर पाण्याला ओवाळत होते. आरती झाल्यावर त्यांतल्या एकाने खाली जाऊन ओंजळभर तापी डोळ्यांना लावली आणि वर येताना पायरीवरची बोरं कुणाची म्हणून विचारलं.